वारा प्यालेला बुलडॉग

ज्यांनीं खेड्यांतील गोठा पाहिला आहे, त्यांस ‘वारा प्यालेलें वासरूं’ हा शब्दप्रयोग समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. दावें सुटतांच तें वासरूं शेपटी उभारतें, चारही खूर एकदम उचलून उडी घेतें, आणि कशाच्या मागें न लागतां, कशाला न भितां, अंगणास चार-सहा प्रदक्षिणा घालून मुकाट्यानें आईजवळ येऊन उभें राहतें. त्यानें या धांवण्यांत काय मिळविलें, असा हिशेबी प्रश्न आजवर कोणत्याही शेतकऱ्यानें विचारलेला नाहीं. ज्यांनीं आपली भाषा घडविली, ते कारणें शोधण्याच्या भरीस पडले नाहींत. वासरूं वारा प्यालें, एवढेंच त्यांनीं म्हटलें आणि तें सर्वांस कळलें.

हा वारा कुत्र्यांच्याही अंगांत शिरतो. लांब पायांच्या, निमुळत्या तोंडाच्या चपळ कुत्र्यांत हा प्रकार दिसला तर नवल वाटत नाहीं. पण ज्याचें डोकें घागरीएवढें, पाय चौरंगाच्या पायांसारखे, नाक जणूं कोणी तळहातानें दाबून आंत बसविलेलें, आणि चेहरा वसुलीस आलेल्या सावकाराचा, असा बुलडॉग जेव्हां एकाएकीं उधळतो, तेव्हां गंभीर माणसासही हंसूं आवरत नाहीं. तें हंसूं आणि त्यापाठोपाठ येणारी काळजी, या दोहोंविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

हा प्राणी आम्हीं हौसेनें घरीं आणलेला नाहीं. धाकट्या चिरंजीवांचे एक स्नेही नोकरीनिमित्त परदेशीं गेले आणि त्यांचा तीन वर्षांचा बुलडॉग आमच्या पुण्याच्या घरीं आला. एकत्र कुटुंबांत अशा प्रसंगीं मतांची मोजणी होते. वडील बंधूंचें मत प्रतिकूल, वहिनींचें त्याहून प्रतिकूल, सुनांचें सावध आणि नातवंडांचें एकमुखानें अनुकूल. अखेर संख्याबळानें निकाल लागला. देवघर आणि स्वयंपाकघर यांचा उंबरा ओलांडावयाचा नाहीं, या अटीवर त्यास माजघरापर्यंत प्रवेश मिळाला. घटासारख्या डोक्यावरून मीं त्याचें नांव घटोत्कच ठेविलें. मुलांनीं दोन दिवसांत त्याचा ‘घटू’ केला.

दिवसाचा बहुतेक काळ घटू निजलेला असतो. तो निजला म्हणजे ओसरीवर कोणी लांकूड कापीत आहे असें वाटतें. परंतु सायंकाळीं दिवे लागण्याच्या सुमारास, किंवा आंघोळ घालून अंग पुसलें कीं लगेच, त्याच्यांत पालट होतो. प्रथम कान मागें जातात. डोळे विस्फारतात. मग पुढचे दोन पाय जमिनीवर पसरून, छाती टेंकून आणि मागचा भाग वर ठेवून तो सर्वांस एक नमस्कार घालतो. मी या नमस्कारास नांदी म्हणतों. ती झाली म्हणजे नाटक चुकत नाहीं. पुढच्याच क्षणीं तें सारें धूड सुटतें. पाठीची कमान करून, मागचे पाय पोटाखालीं ओढून घेत, माजघरांतून ओसरीवर, ओसरीवरून अंगणांत, तुळशीवृंदावनास वळसा घालून पुन्हा माजघरांत! शहाबादी फरशीवर वळतांना त्याचे पाय एका दिशेस आणि देह दुसऱ्या दिशेस जातो. वडील बंधु वर्तमानपत्रासकट पाय वर उचलून घेतात. मुलें टाळ्या पिटतात. दोन मिनिटें हा धुमाकूळ चालतो, आणि मग किल्ली संपलेलें खेळणें थांबावें तसा तो जागच्या जागीं चारही पाय पसरून पडतो.

प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनीं या उधळण्यास इंग्रजींत एक भारदस्त नांव दिलें आहे. ‘आवेशयुक्त, दिशाहीन हालचालींचा काळ’ असा त्याचा अर्थ. बोलण्यांत लोक त्यास लाडानें ‘झूमीज’ म्हणतात. हा रोग नव्हे आणि पिसाळणेंही नव्हे. बराच वेळ कोंडून राहिल्यानें सांठलेली शक्ति, आंघोळीनंतरची मोकळीक, घरचें माणूस परतल्याचा हर्ष, अशा निमित्तांनीं हा वेग बाहेर पडतो. कोंवळ्या वयांत अधिक, उतारवयांत कमी. त्या नमस्काराचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क बेकॉफ यांनीं कुत्रे, लांडगे आणि त्यांच्याच कुळांतील कोयोट यांचे खेळ बारकाईनें पाहून १९९५ सालीं असें दाखविलें कीं, हा नमस्कार केवळ खेळाच्या आरंभीं येत नाहीं. खेळतां खेळतां चावण्याचा प्रसंग आला कीं, त्याच्या आगेंमागेंही तो येतो. ‘हें जें चाललें आहे तें खेळणें समजावें, भांडण समजूं नये,’ असा त्याचा आशय. म्हणजे आमचा घटू घरास अभय देऊन मगच उधळतो. कित्येक वक्ते व्यासपीठावर चढण्यापूर्वीं एवढीही सभ्यता पाळीत नाहींत.

माझें आयुष्य मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलें, त्यामुळें मला येथें पाणिनीची आठवण होते. अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायांत एक सूत्र आहे. त्यांत त्यानें श्वन्, युवन् आणि मघवन्, म्हणजे कुत्रा, तरुण आणि इंद्र, या तिघांस एका माळेंत ओंवलें आहे. कारण निव्वळ व्याकरणाचें: तिन्ही शब्दांत ‘व’चा ‘उ’ होऊन शुनः, यूनः, मघोनः अशीं रूपें सिद्ध होतात. देवांचा राजा कुत्र्याच्या शेजारीं बसविला म्हणून पंडितांनीं या सूत्रावर विनोद केले, आणि माझ्या वर्गांतील मुलेंही हंसत. पण घटूस उधळतांना पाहिलें म्हणजे मला वाटूं लागतें कीं, त्या शेजारांत अर्थाचाही योग असावा. तीं दोन मिनिटें तो कुत्रा असतो, तरुण असतो आणि इंद्रही असतो. आपल्या वेदांत्यांनीं सृष्टीच्या उत्पत्तीस लीला म्हटलें, तें ईश्वरास कांहीं मिळवावयाचें उरलेलें नाहीं म्हणून. कांहीं मिळवावयाचें नसतांना केलेली धांवपळ कशी दिसते, हें आम्हां संसारी माणसांस एरव्हीं कोठें पाहावयास मिळणार?

येथवर हंसूं झालें. आतां काळजीकडे वळतों. वारा प्यालेल्या वासरास खरोखरीचा वारा मिळतो. बुलडॉगला तो पुरेसा मिळत नाहीं.

कुत्र्यास माणसासारखा सर्वांगीं घाम येत नाहीं. पायांच्या तळव्यांस थोडा सुटतो तेवढाच. अंगांतली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर घालवितो. नाकाच्या आंतील पातळ घड्यांवरून आणि ओल्या जिभेवरून हवा खेळते, ओल उडून जाते आणि तेथील रक्त थंड होतें. मातीच्या माठांत पाणी थंड होतें, तें याच तत्त्वानें. बुलडॉगच्या तोंडाची लांबी माणसानें पिढ्यान्‌पिढ्या निवड करून कमी केली, पण आंतलें मांस त्या प्रमाणांत कमी झालें नाहीं. त्यामुळें पुष्कळ बुलडॉगांच्या नाकपुड्या फटीएवढ्या, टाळूचा मऊ पडदा घशांत लोंबणारा आणि श्वासनलिका अरुंद असते. ज्या घोरण्याचें आपण कौतुक करतों, तो अडलेल्या श्वासाचा आवाज होय. स्वस्थ पडलेला असतां ज्याची ही स्थिति, त्याची धांवल्यावर काय होईल? त्यांत हवा दमट असली म्हणजे ओल उडत नाहीं, आणि मुंबई-कोंकणच्या उकाड्यांत धापा टाकण्याचाही फारसा उपयोग होत नाहीं.

हें रूप निसर्गानें दिलेलें नाहीं. इंग्लंडांत पूर्वीं बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ चाले. त्यासाठीं हे कुत्रे पाळीत. त्यांचें नांवही त्यावरूनच पडलें. १८३५ सालीं पार्लमेंटनें कायदा करून तो खेळ बंद केला. बैल सुटला, कुत्रा मात्र दुसऱ्याच खेळांत सांपडला. कुत्र्यांचीं प्रदर्शनें भरूं लागलीं. १८७३ सालीं लंडनांत केनेल क्लब स्थापन झाला, १८७५ सालीं बुलडॉग क्लब निघाला, आणि परीक्षकांच्या डोळ्यांस जें भावलें तें पुढच्या पिढ्यांत अधिकाधिक उतरूं लागलें. पाय आंखूड झाले, नाक आंत गेलें, डोकें वाढलें. डोकें इतकें वाढलें कीं, आज बुलडॉगच्या बहुतेक माद्यांचीं बाळंतपणें पोट फाडून करावीं लागतात. बैलाच्या खेळांतील क्रौर्य चारचौघांच्या डोळ्यांवर आलें म्हणून तें बंद तरी पडलें. कौतुकाच्या पोटीं जन्मलेलें क्रौर्य कोणाच्या लक्षांत येत नाहीं, म्हणून तें पुष्कळ काळ टिकतें.

गेल्या वर्षीं मे महिन्यांत आम्हां सर्वांस याची प्रचीति आली. सुटीसाठीं मुलींचीं मुलें आलेलीं होतीं. घरांत एकंदर अकरा मुलें. सायंकाळचे साडेपांच वाजलेले, वळवाचे ढग दाटलेले, झाडाचें पान हलत नव्हतें. अशा कुंद हवेंत घटूनें नांदी केली आणि तो सुटला. अकरा प्रेक्षकांच्या टाळ्या मिळाल्यावर कोणता नट लवकर पडदा पाडील? दोन मिनिटांचीं पांच झालीं. मग तो तुळशीपाशीं थांबला, पण नेहमींसारखा पाय पसरून पडला नाहीं. कोंपरें बाहेर काढून, मान लांबवून तो उभाच राहिला. घशांतून करवत ओढल्यासारखा आवाज येऊं लागला. लाळ चिकट झाली आणि जीभ जांभळासारखी दिसूं लागली. टाळ्या आपोआप थांबल्या.

मोठ्या सूनबाईंनीं माजघरांतला माठ दोहों हातांनीं उचलून आणला आणि सगळें पाणी त्याच्या अंगावर ओतलें. “मामंजी, टेबलपंखा आणा, आधीं वारा पाहिजे त्याला!” त्या मला म्हणाल्या. मी पंखा आणून तार जोडीत आहें, तोंच वहिनी आंतून विंझणा घेऊन आल्या. ज्यांनीं आठ महिन्यांत त्यास एकदांही शिवून घेतलें नव्हतें, त्या ओल्या अंगणांत बसून त्याच्या तोंडावर वारा घालूं लागल्या. “भावजी, डॉक्टरांना फोन करा, बघत काय उभे राहिलांत?” असें त्यांनींच मला बजावलें. अंग चांगलें भिजवून आणि वारा घालून मगच त्यास मोटारींत घातलें. दवाखान्यांत ताप पाहिला, तेव्हां इतकें पाणी ओतूनही तो १०४ अंश भरला. निरोगी कुत्र्याचा तो सुमारें १०१ ते १०२.५ असतो. तेथें प्राणवायु दिला, शिरेंतून सलाईन दिलें, रात्रभर ठेवून घेतलें. घटू वांचला. “आधीं थंड केलेंत आणि मग आणलेंत, म्हणून वांचला,” असें डॉक्टर म्हणाले. वहिनींनीं त्या रात्रीं दुसऱ्यांदा स्नान केलें, पण कुरकूर केली नाहीं.

पुढें डॉक्टरांनीं मला या विषयावरील कांहीं निबंध वाचावयास दिले. इंग्लंडांतील रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या अभ्यासकांनीं २०१६ सालच्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या आणि २०२० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. लॅब्राडोरशीं तुलना करतां बुलडॉगला उष्माघात होण्याचा संभव सुमारें १४ पट भरला. याहून विचार करावयास लावणारी गोष्ट त्यांच्या दुसऱ्या निबंधांत होती. उन्हांत बंद मोटारींत ठेवलेले कुत्रे मरतात, हें लोकांस ठाऊक असतें. पण उष्माघाताच्या सुमारें तीन-चतुर्थांश प्रकरणांत कारण मोटार हें नव्हतें. कारण होतें धांवणें, फिरणें आणि खेळणें. इंग्लंडसारख्या थंड देशाची ही कथा! मग आपल्या वैशाखाविषयीं निराळें काय सांगावें?

घटू घरीं आल्यावर कुटुंबाची सभा भरली. वडील बंधु म्हणाले, “आतां यास साखळीनें बांधून ठेवावा. उधळणें नको आणि हा प्रसंगही नको.” मुलें रडकुंडीस आलीं. त्यांचें म्हणणें प्रेमाचें होतें, वडील बंधूंचें दूरदृष्टीचें. मला महाभारताच्या आदिपर्वांतील सरमेची कथा आठवली. जनमेजयाच्या सत्रांत तिचें पिलूं आलें. त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलें नाहीं कीं तें चाटलें नाहीं. तरी राजाच्या भावांनीं त्यास झोडपलें. ‘याचा अपराध काय?’ एवढेंच तिनें विचारलें, आणि कोणासही उत्तर देतां आलें नाहीं. घटूचा अपराध काय? त्यास आनंद झाला, हा अपराध होऊं शकत नाहीं. आणि नाक आंखूड असणें हा तर त्याचा मुळींच नव्हे. ज्या माणसानें त्याचा श्वास आंखूड केला, त्यानेंच आतां त्याची हौसही काढून घ्यावी, हा न्याय मला पटेना. मीं तसें सांगितलें. वडील बंधु बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग नियम तरी करा, आणि ते पाळा.”

नियम सूनबाईंनीं केले. ते दहा महिने पाळले जात आहेत, म्हणून येथें देतों. फाल्गुनापासून पावसाळा स्थिरावेपर्यंत मोकळें सोडणें तें भल्या सकाळीं, फरशी थंड असतांना. इतर वेळीं नांदी झालीच, तर मुलांनीं टाळ्या न वाजवितां मुकाट्यानें खालीं बसावयाचें. प्रेक्षकांनीं पाठ फिरविली कीं नाटक लवकर आटोपतें. मग त्याच्यापुढें काकडीची फोड ठेवावयाची. गळपट्ट्याऐवजीं छातीवरून जाणारा पट्टा. पोळीचे तुकडे बंद, कारण अंगावरची चरबी श्वासाची वैरीण. जीभ जांभळट झाली, श्वासाचा आवाज वाढला किंवा पाय लटपटले, तर अंगावर थंड पाणी ओतावें आणि वारा घालावा. ओला पंचा पांघरून ठेवूं नये, त्यानें उष्णता कोंडते. आणि मग विलंब न लावतां डॉक्टर. थंडीचे दिवस आल्यावर डॉक्टरांनीं शस्त्रक्रिया करून त्याच्या नाकपुड्या रुंद केल्या आणि टाळूचा पडदा थोडा कापला. घोरणें गेलें नाहीं, पण निम्म्यावर आलें. पौष महिन्यांत तो उधळला, तेव्हां वडील बंधूंनीं वर्तमानपत्र बाजूस ठेवून तो सोहळा संपूर्ण पाहिला.

आमची खरी परीक्षा मात्र पुढेंच झाली. एक सद्गृहस्थ आपल्या मादीकरितां घटूस मागावयास आले. पिलांच्या किमतीचा अर्धा वाटा देऊं म्हणाले. आंकडा ऐकून घरांत क्षणभर शांतता पसरली. शस्त्रक्रियेचा खर्च त्यांतून सहज भरून निघाला असता. इतक्यांत माझ्या बारा वर्षांच्या नातवानें विचारलें, “आजोबा, घटूच्या पिलांनाही असाच दम लागेल का हो?” मीं त्यास खरें तें सांगितलें: बहुतेक लागेल. “मग नको,” तो म्हणाला. आम्हीं गृहस्थांस चहा दिला आणि नम्रपणें नकार दिला.

हा प्रश्न आतां जगभर विचारला जात आहे. केनेल क्लबनें २००९ सालीं बुलडॉगच्या आदर्श रूपाचें वर्णन बदललें. २०१९ सालापासून केंब्रिज विद्यापीठाच्या साहाय्यानें तेथें श्वासाची परीक्षा घेतात: कुत्र्यास तीन मिनिटें दुडक्या चालीनें चालवावयाचें, आधीं आणि नंतर गळ्यापाशीं नळी लावून श्वास ऐकावयाचा आणि शून्यापासून तीनपर्यंत श्रेणी द्यावयाची. येथें शून्य मिळविणारा विद्यार्थी पहिला, हें या जुन्या मास्तरास विशेष वाटलें. २०२२ च्या जानेवारींत नॉर्वेंतील ऑस्लोच्या न्यायालयानें बुलडॉगची पैदास बेकायदा ठरविली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत वरच्या न्यायालयानें बुलडॉगपुरता तो निर्णय फिरविला. आपल्याकडे २०१७ सालच्या नियमांनीं पैदास करणारांस नोंदणी लागू केली आणि आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकण्यास मनाई केली. कायदे होतील, बदलतील. पण कोणतें पिलूं घरांत आणावयाचें, हा निर्णय अखेर घरांतच होतो, आणि बहुधा तो मुलांच्या हट्टावर होतो. चपट्या नाकाचें पिलूं चित्रांत पाहून मुलें हट्ट धरूं लागलीं, तर वडीलधाऱ्यांनीं त्यांस शेजारपाजारच्या एखाद्या बुलडॉगजवळ नेऊन पांच मिनिटें त्याचा श्वास ऐकवावा. मुलें समंजस असतात. त्यांस अर्थ सांगावा लागणार नाहीं.

आणि ज्यांच्या घरीं असा जीव आधींच आहे, त्यांनीं त्याच्या आनंदास भिऊं नये. त्यास तो आनंद अजून होतो, ही लहान गोष्ट नव्हे. इतक्या पिढ्या माणसानें त्याचें नाक दाबलें, पाय कापले, डोकें फुगविलें. तरी तिन्हीसांजेस त्याच्या अंगांत तोच जुना वारा शिरतो आणि तो तुळशीभोंवतीं इंद्रासारखा धांवतो. माणसास त्याचें शरीर बदलतां आलें, हा वारा मात्र बदलतां आला नाहीं. निदान तो त्याच्या प्राणावर बेतूं नये, एवढी राखण आपल्या हातीं आहे.